औट्रमचा घाट आणि ढाण्या वाघ

आमच्या नाशकात ‘वाघ आला’ असं कुणी म्हणालं तर तो बिबट्या समजायचा. उसात वाघ दिसला, मळ्यात वाघाने कुत्रं नेलं, पिंजऱ्यात वाघ सापडला. हे सगळे बिबटे. पेठकडची माझी आजी मात्र या बाबतीत काटेकोर होती. ठिपक्यांचा तो बिबळ्या आणि पट्ट्यांचा तो ढाण्या. अंधार पडल्यावर दोघांचंही नाव घ्यायचं नाही, नुसतं ‘जनावर’ म्हणायचं. तिच्या लहानपणी ढाण्याच्या गोष्टी सांगणारी माणसं होती. माझ्या लहानपणी त्या गोष्टी सांगणारी ती एकटीच उरली होती.

नकाशा काढून बसलात तर ढाण्याच्या खुणा अजून सापडतात. दिंडोरीत वाघाड, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला वाघेरा किल्ला, साल्हेरच्या पायथ्याशी वाघांबे आणि सुरगाण्यातून खाली डांगात उतरलात की वघई. प्रत्येक नावामागे खरा वाघच असेल असा माझा दावा नाही, पण इतकी गर्दी उगाच होत नाही. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरात जिल्ह्यातल्या जनावरांच्या यादीत वाघ आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकच्या पाड्यांवर वाघदेव आहे: दगडावर किंवा लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, बाजूला नाग. शहरातले लोक ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतात, त्याच अश्विन वद्य द्वादशीला तिकडे वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर जाऊन तांदूळ गोळा करतात, वाघदेवापुढे शिजवतात आणि गुरं सांभाळ म्हणून त्यालाच विनवतात. एकाच तिथीला आम्ही गाय पुजतो आणि ते वाघ! मला हा विरोधाभास वाटत नाही. गुरं ज्याच्या तोंडी जायची त्याच्याशीच करार केलेला बरा, एवढा साधा व्यवहार आहे तो.

मग हे वाघ गेले कुठे? इथे एका साहेबाची गोष्ट सांगायला हवी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. तेव्हा नाशिक जिल्हा नव्हता, तो १८६९ सालचा. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे सगळं खानदेशातच मोडायचं. डोंगरातले भिल्ल इंग्रजांना जुमानत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या पंचविशीही न गाठलेल्या अधिकाऱ्याला भिल्लांची पलटण उभी करायला पाठवलं गेलं. धरणगावला त्याचं ठाणं होतं. या माणसाने भिल्लांना आपलंसं केलं ते मुख्यतः वाघाच्या शिकारीतून. त्यांच्याबरोबर पायी डोंगर चढायचा, जाळीत शिरायचा, जखमी वाघासमोर उभा राहायचा. असा साहेब त्यांनी पाहिला नव्हता. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या समक्ष १९१ वाघ मारले गेले, असा आकडा त्याच्या चरित्रात दिलेला आहे. एकशे एक्याण्णव! एकट्या खानदेशात, एका माणसाच्या हिशेबात. (हाच औट्रम पुढे ‘सर’ झाला आणि १८५७ मध्ये लखनौला लढला. तिकडचा त्याचा इतिहास शाळेत आहे, इकडचा नाही.)

हा आकडा वाचून मी थांबलो तो शिकारीमुळे नाही. त्या काळी सगळेच मारत होते. मला खटकलं ते हे की त्या काळातल्या वाघांचा आकडा मिळतो तो फक्त मेलेल्या वाघांचा. सरकार वाघ मारण्याबद्दल बक्षीस द्यायचं, त्याची नोंद व्हायची, म्हणून वाघ कागदावर आले. जिवंत वाघ किती, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. त्यात सागवान गेलं. डांगचं जंगल इंग्रजांनी १८४२ मध्येच सागासाठी भाडेपट्ट्याने घेतलं होतं. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि लाकडाची भूक आणखी वाढली. जंगल विरळ झालं की सांबर-भेकर जातं, ते गेलं की वाघ गुरांवर येतो आणि गुरांवर आलेला वाघ फार दिवस जगत नाही. बंदूक नसेल तर मेलेल्या गाईवर टाकलेलं विष असतं.

वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा झाला आणि त्याच साली जिवंत वाघ पहिल्यांदा देशपातळीवर मोजले गेले: १८२७. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. नाशिकचं नाव यात कुठेच नाही. यायला वाघ उरायला हवे होते.

मोजणीची पद्धत होती ठशांची. उन्हाळ्यात वनरक्षक पायवाटा धुंडाळायचे, ठसा दिसला की त्यावर काच धरून रेषा उमटवायच्या, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि मग तज्ज्ञ म्हणायचे, हा अमुक नर, ही तमुक मादी. ओल्या मातीतला ठसा मोठा, कोरड्या धुळीतला वेगळा, तोच वाघ पळाला तर आणखी वेगळा. उन्हातान्हात राबणाऱ्या वनरक्षकांबद्दल मला आदरच आहे, पण पद्धतच अशी की वरून अपेक्षित असलेला आकडा खालून सहज निघावा. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ मध्ये कागदावर सोळा-अठरा वाघ होते. २००५ मध्ये कळलं की एकही नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि कागदावरचे वाघ मजेत होते.

त्यानंतर पद्धत बदलली. डॉ. उल्लास कारंतांनी नागरहोळेत १९९० च्या दशकातच कॅमेऱ्यांनी वाघ मोजून दाखवले होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावायचा, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधीच नसतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखंच. न दिसलेल्या वाघांचा अंदाज कसा काढतात, हे माझ्या पुतणीला मी वालाच्या डब्यावर समजावलं. पन्नास वाल काढून त्यांना चुन्याचा ठिपका लाव, परत टाक, डबा हलव. आता चाळीस काढ. त्यात दहा ठिपकेवाले निघाले, म्हणजे चारातला एक. तर डब्यात साधारण दोनशे वाल असणार. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच किचकट आहे, पण मूळ हेच. (डबा नंतर तिच्या आईने माझ्याकडूनच निवडून घेतला. :) )

नव्या पद्धतीने २००६ मध्ये देशात १४११ वाघ निघाले. जुन्या पद्धतीचा शेवटचा आकडा होता ३६४२. केवढी बोंब झाली होती तेव्हा! पण मला वाटतं, व्याघ्र संरक्षणाच्या इतिहासातला सर्वात उपयोगी आकडा तोच. पुढे २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३६८२ वर आला, महाराष्ट्रातले १०३ चे ४४४ झाले. हे वाघ बहुतेक सगळे विदर्भातले, आणि तिथे आता त्यांना जागा पुरत नाही.

म्हणून ते चालू लागले. यवतमाळच्या टिपेश्वरमधून जून २०१९ मध्ये एक तरुण नर निघाला. गळ्यात पट्टा असल्याने त्याची वाट तासातासाने कळत होती. शेतांतून, रस्त्यांवरून, ओढ्यांच्या कडेने पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा टिपेश्वरचाच, टी३सी१ नावाचा. सुमारे ३३० किलोमीटर चालून तो मार्च २०२१ मध्ये कन्नडजवळ एका कॅमेऱ्यासमोरून गेला. पट्टे जुळवले, ओळख पटली. त्या जंगलात १९४० नंतर पहिल्यांदाच वाघाची नोंद झाली.

आणि त्या जंगलाचं नाव काय? गौताळा औट्रमघाट अभयारण्य! कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा घाट या आपल्या औट्रमच्या नावाचा, आणि अभयारण्यालाही तेच नाव चिकटलेलं. बातमी वाचताना मी मोठ्याने हसलो होतो, आणि मग बराच वेळ नकाशा बघत बसलो. कारण गौताळ्याची डोंगररांग म्हणजे सातमाळा-अजिंठा रांग. तीच पश्चिमेला नांदगाव, मनमाड, चांदवड करत आमच्या वणीच्या सप्तशृंग गडाला येऊन मिळते. गडावर रात्री देवीचा वाघ येतो, असं जुनी माणसं अजून सांगतात.

खरा यायचा तर वाट सोपी नाही. मध्ये मनमाडचा रेल्वेचा गुंता आहे, आग्रा रोड आहे, कांद्याची उघडी शेतं आहेत. गौताळ्यात त्याला नीलगाय, रानडुक्कर मिळतं, इकडे मिळतील ती गुरं. शिवाय एकटा नर आला म्हणून वाघ परत आले असं होत नाही, मादी लागते. वाघिणी सहसा इतक्या लांब जात नाहीत. म्हणूनच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून वाघीण गाडीने न्यावी लागली.

नांदगावच्या मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. त्याच्याकडे चार म्हशी आणि एक गाय आहे, रान डोंगराला लागून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “हा ढाण्या ना? बिबळ्या नव्हं?”

“ढाण्या.”

“मग गाय गेलीच म्हणायची.” थोडं थांबून म्हणाला, “वनखात्याचं भरपाईचं पंचनाम्यावर ठरतं, ते माहितेय मला. बिबळ्याच्या वेळेला केलं होतं. पण तुला त्या कॅमेऱ्याचं आधी कळलं, तर रात्रीचा असला तरी फोन कर. गोठ्याला दार बसवायचंय.”

परवा कळलं, दार बसवलं म्हणे.