पडद्यावरील सैतान : रामसे बंधूंच्या भयपटांचा मागोवा

भुताखेतांच्या चित्रपटांवर एका धर्मगुरूने लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल, काहींना कदाचित खेदही होईल. तथापि शेंद्र्यासारख्या ठिकाणी राहताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली आहे. येथील औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारी मुले जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर जे चित्रपट पाहतात, त्यांत 'पुराना मंदिर' आणि 'वीराना' अजूनही आहेत. हे चित्रपट निघाले तेव्हा या मुलांचा जन्मही झाला नव्हता. रबरी मुखवटा पाहून ती खदखदा हसतात, आणि हसता हसता एकदा मागे वळूनही पाहतात. कथा पोकळ, अभिनय बेताचा, रक्त म्हणजे उघड उघड लाल रंग. तरीही हे चित्रपट टिकले. ते का टिकले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे.

या जन्माच्या वेळी एक थोर मराठी साहित्यिक हजर होता, हे फारसे कोणी सांगत नाही. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर हे आडनाव बसेना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले, असे त्यांच्या घरात सांगत. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईस आले. तेथे पुन्हा रेडिओचे दुकान थाटले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत उतरले. १९६३ साली त्यांनी 'रुस्तम सोहराब' काढला. पृथ्वीराज कपूर नायक, सुरैयाचा हा अखेरचा चित्रपट, आणि दिग्दर्शक 'रणांगण'कार विश्राम बेडेकर. १९७० साली बेडेकरांच्याच दिग्दर्शनाखाली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि साफ कोसळला. मात्र त्यात एक प्रसंग होता. वस्तुसंग्रहालयात चोरी करण्यासाठी पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून येतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगावरून निसटून जातात. त्या प्रसंगाला प्रेक्षक थरारून उठत. काही जण तर तेवढ्यापुरतेच तिकीट काढून येत. तुलसी आणि श्याम या मुलांनी ते हेरले आणि वडिलांना म्हटले, सगळा चित्रपटच असा का काढू नये? 'रणांगण'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून, त्याच्या ध्यानीमनी नसताना, हिंदी भयपटाचे बी पेरले गेले. इतिहासाला अशा गमती करण्याची खोडच आहे.

फतेहचंदांना सात मुलगे. वडिलांनी त्यांच्या हाती जोसेफ मॅसेली या अमेरिकी लेखकाचे छायाचित्रणावरील पुस्तक दिले, त्यांना श्रीनगरला एका हाउसबोटीवर नेले आणि काही महिने त्याचा अभ्यास करून घेतला. मग कामे वाटली गेली. कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, तुलसी व श्याम दिग्दर्शनाला. केशूने पुढे निर्मितीत नाव कमावले. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा त्यांचा पहिला खरा भयपट. सगळे कुटुंब, नटमंडळी आणि सामान बसमध्ये घालून महाबळेश्वरला गेले. राहायचे त्याच विश्रामगृहात, चित्रीकरणही तेथेच, आणि जेवणखाणाची व्यवस्था घरातील स्त्रियांकडे. सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांत चित्रपट पुरा झाला, असे बंधू सांगत. हे वाचताना आम्हांला पाहुण्यारावळ्यांसह सारे घर राबते ते लग्नघर आठवते. पुढे 'दरवाज़ा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), 'तहख़ाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाज़ा' (१९९०) अशी रांगच लागली. मोठ्या शहरांतील समीक्षकांनी नाके मुरडली. लहान गावांतील चित्रपटगृहांनी पैसे मोजले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे चित्रपट विलायती भयपटांची नक्कल आहेत असे सरसकट म्हटले जाते. लंडनच्या हॅमर कंपनीने १९५८ साली काढलेल्या 'ड्रॅक्युला'चा ठसा त्यांवर आहे, यात शंका नाही. पण नक्कल केलेली वस्तू खेड्यापाड्यांत अशी रुजत नाही. ती रुजली याचे कारण जमीन आधीच नांगरलेली होती. मराठी माणसाची भुते पाहा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा; त्याचा पत्ता पिंपळ. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे धनात किंवा घरात जीव अडकून राहिलेला. वेताळ हा त्या सर्वांचा राजा, अवसेला पालखी घेऊन निघणारा. यांतील एकही भूत निराधार नाही. प्रत्येकाला राहण्याचे ठिकाण आहे, पूर्वीचे आयुष्य आहे, आणि कोणाकडून तरी काहीतरी येणे बाकी आहे. गावातल्या म्हातारीला विचारा, ती भूत कोणत्या घरचे, कोणत्या झाडावरचे, कशाने मेले, हे सर्व सांगेल. आमच्या ख्रिस्ती परंपरेतही हे घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त पतित देवदूतांची कथा ओवीबद्ध केली, तेव्हा त्यांनी 'देवचार' हा येथल्याच मातीतला शब्द उचलला. परक्या सैतानाला गावात उभे करायचे तर त्याला गावचे नाव द्यावे लागते.

आता 'पुराना मंदिर'ची कथा घ्या. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाच्या नराधमाला राजा हरिमानसिंह पकडतो. त्याचे मुंडके उडवून पेटीत बंद केले जाते आणि धड दुसरीकडे पुरले जाते. मरताना तो शाप देतो की, राजाच्या वंशातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. मुंडके धडाला मिळाले की तो उठेल. दोनशे वर्षांनंतर ठाकूर आपल्या मुलीला प्रेमविवाह करू देत नाही. प्रेक्षकाला आरंभी तो नेहमीचा जुलमी बाप वाटतो. पण तो प्रतिष्ठेसाठी अडवत नसून मुलीच्या मृत्यूला घाबरून अडवत आहे, हे मागाहून कळते.

हा धागा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. १९८४ साली मराठवाड्यातील खेड्यात बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून होई. अडलेल्या बाईला बैलगाडीतून तालुक्याला नेताना वाटेतच काय होई ते सांगणारी माणसे आमच्या धर्मग्रामात अजून आहेत. ज्या स्त्रिया तो चित्रपट पाहत होत्या त्यांना सामरीचा शाप कल्पित वाटण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्या नित्याच्या भीतीला तेथे प्रथमच एक तोंड मिळाले होते, मग ते रबराचे का असेना. जिला रोगाचे नाव ठाऊक नाही, डॉक्टर ठाऊक नाही, त्या भीतीचे मुंडके एका पेटीत आहे आणि ती पेटी कोठे आहे हेही कळले आहे, यात मोठा दिलासा आहे. चित्रपटाच्या अखेरीस त्रिशूळ आणि अग्नी यांपुढे सामरी नष्ट होतो. अडीच तासांत हिशेब मिटतो.

सेमिनरीत आम्हांला संत ऑगस्टीन शिकविला गेला. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगुलपणाचा अभाव आहे, असे तो सांगतो. सिद्धान्त खोल आहे आणि आम्हांला तो मान्यही आहे. पण रात्री शेतावर एकट्याने राहणाऱ्या माणसाला अभावाची भीती वाटत नाही. रामसे बंधूंनी दुष्टतेला सहा फुटांहून अधिक उंची दिली. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल हे रुडकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. त्यांचा चेहराच असा की मुखवट्याचे निम्मे काम त्यानेच केले. याच चित्रपटात आपले अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकरही आहेत, आणि जगदीप यांचे 'शोले'ची थट्टा उडविणारे एक लांबलचक उपकथानक आहे.

या थट्टेला समीक्षकांनी फार दूषणे दिली. भयाच्या मध्येच गाणे, गाण्यानंतर विनोद, विनोदानंतर पुन्हा किंकाळी. सुसंगती म्हणून नाही. आमचे मत वेगळे आहे. हे चित्रपट बंदिस्त अंधारात, श्वास रोखून पाहण्यासाठी नव्हतेच. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूचे सिनेमे येत. काही तंबूंत पडदा मध्यभागी असे आणि लोक दोन्ही बाजूंना बसत. पलीकडे बसलेल्यांना अक्षरे उलटी दिसत, पण भूत दोन्हीकडून सारखेच. मध्येच रीळ तुटे, शिट्ट्या होत, कोणी पडद्यावरच्या नायिकेला मोठ्याने सूचना देई. असा प्रेक्षक शिमग्याचे सोंग पाहणारा आहे. सोंगाच्या मुखवट्याखाली गल्लीतला कोण आहे हे लेकराला ठाऊक असते, तरी ते आईच्या पदराआड लपते. मुखवटा फार चांगला झाला तर हा खेळ मोडतो. मुखवट्याची शिवण दिसते म्हणून प्रेक्षकाचा वरचष्मा राहतो, आणि वरचष्मा आहे म्हणून तो निर्धास्तपणे घाबरू शकतो. १९८० साली 'गहराई' हा झपाटलेपणावरील हिंदी चित्रपट आला होता. अरुणा-विकास यांचे दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकर, अभिनयाला श्रीराम लागू. तो कितीतरी पटींनी सरस आहे, आणि पाहिल्यावर झोप लागत नाही. तंबूत बसलेल्या मजुराला मात्र झोप हवी होती. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते.

क्रूसाविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांला भाग आहे. या चित्रपटांत त्रिशूळ, ॐ आणि क्रूस हे तिन्ही सैतानावर चालतात. क्रूस तेथे आला तो आयर्लंडच्या ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतून, हॅमर कंपनीच्या वाटेने. स्टोकर स्वतः प्रॉटेस्टंट. तरी त्यांच्या कादंबरीतील डॉक्टर पिशाचाची कबर बंद करण्यासाठी चक्क पवित्र मिस्साबलीतील भाकर वापरतो. आम्हांला हे वाचताना अंगावर काटा आला होता, आणि तो पिशाचामुळे नव्हे. आमचे काही धर्मबंधू अशा चित्रणाने संतापतात. आम्हांला त्यात उपहास दिसत नाही. मुंबईच्या निर्मात्याने सर्व प्रेक्षकांची श्रद्धास्थाने एका रांगेत उभी केली, इतकेच. खरी अडचण दुसरी आहे. पडद्यावर क्रूस विजेच्या बॅटरीसारखा काम करतो. धरणाऱ्याची श्रद्धा काय, जीवन कसे, याला किंमत नाही. ख्रिस्तसभेची शिस्त याच्या उलट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपांच्या स्पष्ट परवानगीविना कोणीही भूत काढण्याचा विधी करू शकत नाही, आणि झपाटलेला वाटणारा माणूस आजारी तर नाही ना, हे आधी पाहावे असे धर्मशिक्षण ग्रंथ बजावतो. मार्कच्या शुभवर्तमानातील कबरस्थानात राहणारा माणूस आठवा. भुते डुकरांत जाऊन बुडाली, तेथे शुभवर्तमानकार थांबत नाही. तो माणूस वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला दाखवितो आणि त्याला घरी पाठवितो. भयपटात झपाटलेल्या मुलीकडे शेवटी कोणाचे लक्ष नसते. सारे लक्ष जळणाऱ्या राक्षसाकडे.

ही गोष्ट आमच्या भागात केवळ रसग्रहणाची नाही. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली किती घरे उद्ध्वस्त झाली, हे मागील पिढीला सांगावे लागत नाही. घरात कपडे पेटले, अंगावर फुल्या उठल्या, जनावर दगावले, की 'करणारी' शोधली जाई; आणि ती बहुधा विधवा, निपुत्रिक किंवा भावकीत जमिनीचा वाटा मागणारी स्त्री निघे. सामरीचा पत्ता लागला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. गावात तोच पत्ता शेजारणीचा निघतो. आमच्या शेंद्र्यात चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. नवस फेडण्यासाठी पाठीत लोखंडी गळ टोचून घेण्याची प्रथा येथे दीर्घकाळ होती. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने तिच्याविरुद्ध सातत्याने लोकांना समजावले. त्या गळाने निघणारे रक्त लाल रंगाचे पाणी नव्हते. नवस बोलणारा भाविक भोळा म्हणून आम्ही त्याला हसणार नाही. त्याचे मूल आजारी असते, पदरी पैसा नसतो, आणि देवाला देण्यासारखे त्याच्याजवळ स्वतःच्या शरीराखेरीज काही नसते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेणे, तिला सैतान ठरविणे हा त्यात गुन्हा आहे. चित्रपट किंवा कथा यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, आणि ते योग्यच झाले. नारायण धारप यांच्या भयकथा वाचून मराठी घरांत कोणी शेजारणीच्या दारावर चालून गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

रामसे बंधूंचे पुढचे थोडक्यात सांगतो. १९९३ साली ते 'झी हॉरर शो' घेऊन दूरचित्रवाणीवर आले आणि सामरीची भावंडे थेट माजघरात शिरली. त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू अवतरला. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याने मराठी मुलांना एकाच वेळी हसविले आणि पलंगाखाली पाहायला लावले. म्हणजे सोंगाची जुनी रीत पुन्हा आपल्याच अंगणात आली. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली, कॅमेरा धरणारे गंगू २०२४ साली. तंबूचे सिनेमे जवळपास संपले. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक आई आली. तिचा बारा वर्षांचा मुलगा रात्री 'पुराना मंदिर' पाहतो, त्याच्यावर पाणी मंतरून शिंपडावे, अशी तिची विनंती होती. आम्ही मुलाला बोलावून विचारले की, सामरीची भीती वाटते का? तो म्हणाला, "नाही फादर, त्याचा दात हलतो." मग त्याने, आईचे लक्ष नाही असे पाहून, हळूच सांगितले की त्याला भीती वाटते ती वडील रात्री पिऊन घरी येतात तेव्हा. त्या वडिलांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.