जर्मनीला जायचंय? कोणाला कोणती परीक्षा लागते, तयारी कशी करायची

अमरावती/अकोला : नर्सिंग झालेली पोरगी, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन पोरगा आणि लग्न होऊन नवऱ्याकडं जर्मनीत जायला निघालेली सून, तिघांनाही दारातच जर्मन भाषा आडवी येते. पण तिघांची परीक्षा एक नाही. इथंच गोंधळ होतो, अन् त्या गोंधळावर एजंटांचं दुकान चालतं.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. दहा हजार तरुणांना पाठवायचं उद्दिष्ट ठरलं. तेव्हापासून ‘जर्मनीचं काही जमते का’ हा विषय चावडीवर निघतो. मात्र करार म्हणजे नोकरीची ऑर्डर नव्हे. भाषेचं प्रमाणपत्र ज्याचं त्यालाच मिळवावं लागते.

भाषेच्या पायऱ्या ए १, ए २, बी १, बी २, सी १, सी २ अशा सहा आहेत. नवरा-बायकोच्या व्हिसासाठी साधारण ए १ लागते. ही अट २००७ पासून आहे, ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला मात्र सूट आहे. काम करत शिकण्याच्या ‘आउसबिल्डुंग’साठी बहुधा बी १ मागतात. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी २.

आपल्याकडं चालणारी परीक्षा म्हणजे गोएथे संस्थेची, जिला आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो. पुण्यात बोट क्लब रोडला आणि मुंबईत काळाघोड्याला तिची केंद्रं आहेत. बी १ मध्ये वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं साधारण १५ मिनिटं. प्रत्येक भागाला १०० गुण, पास व्हायला ६०. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येते. ए १ ला ही सोय नाही, तिथं सगळं एकत्र मोजतात.

‘स्थलांतरितांची जर्मन परीक्षा’ म्हणून जी ऐकायला येते ती वेगळी. तिचं नाव डॉइच-टेस्ट फ्यूर त्सुवांडरर, २००९ पासूनची. ती भारतात होत नाही. जर्मनीत पोचल्यावर ६०० तासिकांच्या भाषावर्गाच्या शेवटी ती देतात. एकाच पेपरवर ए २ किंवा बी १ चा निकाल लागतो. बी १ मिळायला बोलणं त्या पातळीचं असलंच पाहिजे, आणि सोबत लेखन किंवा ऐकणं-वाचणं यांपैकी एक. म्हणजे बोलायला लाजणाऱ्याचं तिथं भागत नाही. त्यानंतर तिथल्या कायदा-समाजावर ३३ प्रश्नांची आणखी एक चाचणी असते. १५ बरोबर आले की ती पास. इथं कोणी ‘आम्ही अमरावतीतच स्थलांतरितांची परीक्षा घेतो’ म्हणत असेल तर तिथून उठावं.

वेळ किती लागतो? गोएथे संस्थेच्या अंदाजानं शून्यापासून बी १ पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका, बी २ पर्यंत ६०० ते ८००. रोज दोन तासिका धरल्या तर बी १ ला सहा ते अकरा महिने. मृगात सुरू केलं तर पुढच्या मृगाच्या आत-बाहेर. तीन महिन्यांत करायचं तर रोज चार ते सात तासिका बसावं लागते, रविवार धरून. वावरातलं काम सांभाळून ते होते का, हे ज्याचं त्यानं पाहावं.

आता बरी गोष्ट. मराठी पोरांना ही भाषा इंग्रजीवाल्यांपेक्षा काही जागी सोपी जाते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्यातही. तिथं मुलगी, म्हणजे ‘मेटशन’, नपुंसकलिंगी. हसू येते, पण आपलं ‘लेकरू’, ‘पोरगं’ तरी काय आहे? ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तिथंही आहे, ‘डू’ आणि ‘झी’. परीक्षकाला ‘झी’च म्हणायचं. आकड्यात एकवीस म्हणजे तेही ‘एक आणि वीस’ म्हणतात, आधी एकम मग दशक. इंग्रजीतून विचार करणारा ऐकण्याच्या पेपरात फोन नंबर उलटा लिहून बसतो. मराठीतून मोजलं तर ही अडचण बरीच कमी होते. ‘कारण’ लावून वाक्य जोडलं की क्रियापद शेवटी जाते, आपल्यासारखंच. आणि त्यांच्या झेडचा उच्चार आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा. रेल्वेगाडीला जो शब्द आहे तो ऐकायला थेट आपला ‘चूक’.

अडते ते लिंग पाठ करण्यात. आपला सूर्य पुरुष, त्यांची सूर्य बाई. त्यामुळे प्रत्येक नाम ‘डेर, डी, डास’ लावूनच पाठ करावं. एकटा शब्द पाठ केला की पुढं विभक्तीत सगळं चुकते. ए १ साठी साधारण ६५० शब्द, बी १ साठी साधारण २,४०० शब्दांची यादी आहे. गोएथेच्या संकेतस्थळावर नमुना पेपर फुकट आहेत. डॉइचे वेलेची ‘निकोस वेग’ ही मालिका ए १ पासून बी १ पर्यंत फुकट शिकवते.

ए १ च्या तोंडी परीक्षेत नाव, गाव, काम, छंद सांगायचे आणि नावाची अक्षरं म्हणून दाखवायची असतात. अमरावतीच्या पोरानं गावाबद्दल एक वाक्य जास्तीचं तयार ठेवावं : हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले होते.

पैशाचं जपून. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडं नोंदलेला असावा लागतो. यादी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर आहे. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ₹३०,००० आणि जीएसटी घेता येते. लाखांची भाषा आली, वावर गहाण ठेवायची गोष्ट निघाली, की आधी ती यादी उघडावी. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्याचं प्रमाणपत्र व्हिसाच्या खिडकीवर दोन साधे जर्मन प्रश्न विचारले की उघडं पडते.

नोंदणी करताना नाव पासपोर्टप्रमाणेच टाकावं. आपल्याकडं वडलांचं नाव मधात, लग्नानंतर आडनाव वेगळं, अन् स्पेलिंग दहावीच्या सनदेत तिसरंच. पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्यावा, मग परीक्षेचे पैसे भरावे. बडनेरा किंवा अकोल्याहून निघणाऱ्यानं पेपरच्या एक दिवस आधी पुण्यात पोचावं. गाडी लेट झाली तर ऐकण्याचा पेपर कोणाची वाट पाहत नाही.