सहा दिवस आणि नव्वद मिनिटं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं कंपन्यांच्या ऑर्डरींवर बोलावं, हे थोडं विचित्र वाटेल. पण मला हा ज्ञानाचाच प्रश्न वाटतो. एक काम पाच-सहा खाती मिळून करतात, प्रत्येकाला आपला तुकडा चोख माहीत असतो, आणि अख्खं काम मात्र कोणीच पाहिलेलं नसतं. मग ते अख्खं काम कागदावर उतरवायचं ठरलं, तर ते कोणी उतरवायचं?

१९८० च्या दशकातली अमेरिकेतली गोष्ट घेऊ. आयबीएमचे संगणक भारी महाग. गिऱ्हाईक घ्यायला राजी असलं तरी पैशाची सोय झाल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नसे. ती सोय करायला आयबीएमचीच एक कंपनी होती, आयबीएम क्रेडिट. विक्री प्रतिनिधी फोन करायचा. इकडे एका मोठ्या टेबलाभोवती चौदा माणसं बसलेली असत, त्यांतलं कोणीतरी माहिती कागदावर लिहून घ्यायचं. तो कागद वरच्या मजल्यावर जायचा, तिथं गिऱ्हाइकाची पत तपासली जायची. मग दुसरं खातं कराराच्या अटी बसवायचं. मग तिसऱ्याकडे व्याजदर ठरायचा. शेवटी कारकुनी विभाग या सगळ्याचं पत्र करून कुरियरनं पाठवायचा. सरासरी सहा दिवस, कधीकधी दोन आठवडे.

आपल्याकडे म्हण आहे, 'सरकारी काम अन् सहा महिने थांब'. हे तर खासगी काम होतं, तरीही सहा दिवस! तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे पैसे बघायचं, दुसऱ्या कंपनीचं यंत्र घ्यायचं, नाहीतर बेतच रद्द करायचं. बिचारा प्रतिनिधी रोज फोन करायचा, माझा कागद कुठे आहे? कोणालाच सांगता यायचं नाही.

यावर त्यांनी पहिला उपाय काय केला बघा. एक कंट्रोल डेस्क नेमलं. प्रत्येक खात्यानं आपलं काम झालं की कागद त्या डेस्कवर परत आणायचा, डेस्कनं नोंद करून पुढच्या खात्याकडे धाडायचा. आता कागद कुठे आहे ते सांगता येऊ लागलं. फक्त वेळ आणखी वाढला! ही मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मानवी जागा वाटते. अडचण दिसली की आपण तिच्या शेजारी एक नवं टेबल मांडतो.

मग दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. एक अर्ज हातात घेतला आणि त्याच्याबरोबर चालत निघाले. प्रत्येक टेबलापाशी म्हणाले, हातातलं जरा बाजूला ठेवा आणि हे आत्ता करा. पाचही टप्प्यांचं मिळून खरं काम निघालं नव्वद मिनिटांचं. उरलेला सगळा वेळ कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाण्यात आणि नुसता पडून राहण्यात जात होता. हिशेब करून बघा, सगळ्यांनी दुप्पट वेगानं काम केलं असतं, तरी वाचली असती पंचेचाळीस मिनिटं. आळशी कोणीच नव्हतं. खोळंबा दोन टेबलांच्या मधल्या जागेत होता, आणि ती जागा कोणाच्याच खात्यात येत नव्हती.

आणखी एक गृहीतक उघडं पडलं. ही रचना उभी होती ती प्रत्येक अर्ज अवघड असतो, म्हणून प्रत्येक पायरीला तज्ज्ञ हवा, या समजुतीवर. प्रत्यक्षात बहुतेक अर्ज सरळ होते. म्हणून संगणकाची मदत देऊन एकाच माणसाकडे अख्खा अर्ज सोपवला, आणि अवघड प्रकरणांपुरते थोडे तज्ज्ञ ठेवले. सहा दिवसांचे चार तास झाले. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट सांगितली आणि ती जगभर गेली. प्रकरणांची संख्या शंभरपट झाली असंही ते सांगतात. तो आकडा त्यांचा आहे, मी पुढे करणार नाही.

पण कामाबरोबर चालत जाण्याची ही कल्पना त्यांची नव्हे, ती बरीच जुनी. फ्रँक गिलब्रेथ तरुणपणी गवंडीकाम शिकला होता, आणि त्याची पत्नी लिलियन मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. या दोघांनी १९२१ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडला. काम कुठून कुठे जातं ते चिन्हांनी काढायचं. त्यांची चिन्हं पुष्कळ होती. १९४७ मध्ये त्या संस्थेनं प्रमाण म्हणून पाचच ठेवली. कामाला वर्तुळ, ने-आण करण्याला बाण, तपासणीला चौकोन, साठवणीला त्रिकोण आणि खोळंब्याला इंग्रजी डी. खोळंब्याला स्वतःचं चिन्ह मिळालं, याचं महत्त्व मला फार वाटतं. ज्याला चिन्ह नाही ते नकाशात येत नाही, आणि नकाशात नाही त्याची चर्चा होत नाही.

मग ॲलन मोगेन्सेन आला. गिलब्रेथांचा चार्ट घेऊन त्यानं १९३० च्या दशकात 'काम सोपं करणं' ही चळवळच उभी केली. १९३७ पासून तो लेक प्लॅसिड इथं वर्ग घ्यायचा, तिथं लिलियनबाईही शिकवायच्या. त्याचा आग्रह असा, की जो काम करतो त्यालाच ते सर्वांत जास्त कळतं, तेव्हा चार्ट त्यानंच काढायचा. घड्याळ घेऊन आलेल्या तज्ज्ञासमोर कामगार आपली युक्ती दाखवत नाही. का दाखवेल? वाचलेला वेळ उद्या त्याच्याच पोटावर येणार असतो.

आता आयबीएमच्या गोष्टीकडे परत बघा. अर्जाबरोबर चालले ते दोन वरिष्ठ अधिकारी. टेबलामागची माणसं काय म्हणाली, ते पुस्तकात ऐकू येत नाही. चार्ट तोच, पेन्सिल मात्र दुसऱ्या हातात गेली.

त्याचा परिणाम पुढे दिसला. हॅमरनं १९९० मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख लिहिला होता. जुन्या पद्धतीवर संगणक बसवू नका, ती पद्धतच पुसून टाका, असा त्याचा सूर. त्यात उदाहरण होतं फोर्डचं. बाजू विक्रीची नव्हे, खरेदीची, पण मुद्दा एकच. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या खात्यात पाचशेहून जास्त माणसं होती, तर माझदात तेच काम पाच जण करत होते. फोर्डनं बिलाची पायरीच काढून टाकली आणि खात्यातली माणसं तीन चतुर्थांशांनी घटली. कारखानदारांनी लेखातून काय उचललं असेल, तुम्हीच सांगा. खोळंबा शोधणं कष्टाचं असतं, माणसं मोजणं सोपं. १९९० च्या दशकात कितीतरी कंपन्यांनी सरळ नोकरकपात केली आणि तिला 'रीइंजिनिअरिंग' म्हटलं.

या विचाराच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, थॉमस डेव्हनपोर्ट, यानं १९९५ मध्येच लिहिलं, की ही लाट माणसांना विसरली. आणि १९९६ साली खुद्द हॅमरनं 'वॉल स्ट्रीट जर्नल'ला सांगितलं, की आपण पडलो इंजिनिअर, माणसांची बाजू आपल्याला पुरेशी उमगली नव्हती. मोगेन्सेननं लेक प्लॅसिडला वर्ग सुरू केले, त्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षं झाली होती.