मद्रासचा प्रयोग

आरोग्यधामात खाट मिळाली तरच क्षयरोगी वाचतो, असा एके काळी समज होता. पण खाटा थोड्या, रोगी अगणित. आणि कमावता माणूस वर्षभर घराबाहेर राहिला, तर चूल कशी पेटावी? १९५६ साली मद्रासमध्ये या समजाची कसोटी लागली. गरीब वस्तीतील काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काही घरीच. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. घरी राहणाऱ्यांना अन्न निकृष्ट, विश्रांती कमी. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गुण जवळजवळ सारखाच आढळला. घरातील इतरांना लागणही अधिक झाली नाही. मित्रहो, यानंतर दारिद्र्याची सबब सांगून कोणाचा उपचार नाकारता येत नाही. मात्र औषध खंड न पडता रोग्याच्या हाती पडले पाहिजे. आणि ती जबाबदारी समाजाची आहे.