रकाना कुणी भरायचा?

परवा घरातली जुनी कात्रणं आवरत होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेली एक चौकट हाताला लागली. मध्य प्रदेशातल्या कटनीच्या महापौर कमला जान यांचं पद गेल्याची बातमी. मथळ्यात शेवटी उद्गारचिन्ह! तृतीयपंथी महापौर म्हणजे गंमत, एवढीच तेव्हा माझी अक्कल. कुणी आक्षेपही घेतला नाही. आज वाचताना खरंच लाज वाटली.

त्या प्रकरणात गंमत काहीच नव्हती. कटनीकरांनी कमला जान यांना मतं देऊन निवडून आणलं होतं. जागा महिलांसाठी राखीव होती. कोर्टाने म्हटलं, कायद्याच्या नजरेत या पुरुष आहेत, म्हणून निवडणूक रद्द. म्हणजे लोकांनी दिलेलं पद कागदावरच्या एका रकान्याने काढून घेतलं. त्याच सुमारास त्याच राज्यात सोहागपूरमधून शबनम मौसी आमदार झाल्या. लोकांना अडचण नव्हती, अडचण कागदाला होती!

ही अडचण जुनी आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी अशा जमातींवर त्याने काय वेळ आणली ते आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. सरकारी रजिस्टरमध्ये त्यांची नावं, मालमत्तेची यादी. नोंद झालेल्याने बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसायचं नाही. दिसल्यास विना वॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. सरकारने या माणसांसाठी रकाना आखला, तो पोलिसांच्या वहीत.

तो रकाना आपल्या हातात घ्यायला 2014 उजाडलं. 15 एप्रिलला सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात निकाल दिला की स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही. या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या, मुंबईत 'सखी चारचौघी' चालवणाऱ्या गौरी सावंत होत्या. घर सोडावं लागलेल्या गौरीताईंनी एचआयव्हीच्या कामापासून सुरुवात केली होती. टीव्हीवर दिसायच्या कितीतरी आधीची ही मेहनत आहे.

मग 2019 चा कायदा आला. त्यात ओळख आपली, पण प्रमाणपत्र मागायचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. शिवाय तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर तेव्हाही किमान शिक्षा दहा वर्षं होती. 1871 मध्ये साडी नेसली म्हणून दोन वर्षं, 2019 मध्ये त्यांच्यावर अत्याचार केला तरी दोनच वर्षं. हिशोब तुम्हीच लावा. आंदोलनं झाली ती याचसाठी.

आता आपल्या खानदेशात या. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत तो बाद! त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, लोकसभेच्या वेळी, निवडणूक आयोगाने गौरी सावंत यांना सदिच्छादूत नेमलं होतं. मतदान करा म्हणून सांगायला तृतीयपंथी चालतात, उभं राहायला नाही? अंजलीताई गप्प बसल्या नाहीत. औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 2 जानेवारी 2021 ला न्यायालयाने सांगितलं, त्या स्वतःला स्त्री मानतात, त्यांचा अर्ज घ्या. कोर्टाने एक अटही घातली: पुढे फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घ्यायचं नाही. त्याच महिन्यात मतदान झालं आणि भादलीकरांनी त्यांना निवडून दिलं.

कटनी आणि भादली, मुद्दा एकच, महिला राखीव जागेचा. एकीकडे कोर्टाने पद काढलं, दुसरीकडे कोर्टानेच दार उघडलं. मधल्या वीसेक वर्षांत मतदार बदललेच नाहीत हो, ते आधीपासून तयार होते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने 2017 मध्येच माऊली कांबळे यांना सरपंच केलं होतं. बदलला तो कागद, आणि तो आपोआप बदलला नाही. कुणीतरी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून बदलला.

आपल्या तालुक्यातही उद्या असा एखादा अर्ज येईल. छाननीच्या दिवशी टेबलापलीकडच्या साहेबांनी भादलीचा निकाल वाचलेला असेल का, ते मी तिथे जाऊन विचारणार आहे. बातमी मीच लिहीन. या वेळी उद्गारचिन्ह नसेल.