'चेर्नोबिल' : न्यायालयातील सत्य आणि इतिहासातील सत्य

२०१९ साली प्रसारित झालेल्या 'चेर्नोबिल' या पाच भागांच्या नाट्यमालिकेचा कळस न्यायालयात होतो. जुलै १९८७ मधील खटल्यात शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव उभे राहतात आणि अणुभट्टीच्या रचनेतच दोष होता, तो राज्यसंस्थेने दडवून ठेवला, असे सर्वांसमक्ष सांगतात. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. परंतु प्रत्यक्षात लेगासोव या खटल्यात साक्षीस उभे राहिलेच नव्हते.

नाटककाराने इतिहासाशी स्वातंत्र्य घेतले की त्यास दोष देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. संभाजीवरील नाटकांच्या निमित्ताने मराठी वाचकाने तो वाद पुष्कळ ऐकला आहे. लेखक क्रेग मेझिन यांनी हा फरक लपविलेलाही नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, या फेरफारामुळे मालिकेच्या राजकीय आशयाचे काय होते?

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेपुढे सोव्हिएत निवेदन लेगासोव यांनीच मांडले. त्यातील मोकळेपणाची पाश्चात्त्य तज्ज्ञांनी वाखाणणी केली; तथापि त्यातील भर चालकांच्या नियमभंगावर होता. वस्तुतः नियंत्रक दांडे आत सोडताच काही परिस्थितीत भट्टीची शक्ती घटण्याऐवजी क्षणभर वाढते, हे लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात १९८३ मध्येच आढळले होते. संस्थेच्या सल्लागार गटाने १९८६ चा आपला निष्कर्ष १९९२ मध्ये सुधारला आणि रचनेतील दोषांना अधिक महत्त्व दिले. ७०० मेगावॅटहून कमी औष्णिक शक्तीवर भट्टी चालविणे निषिद्ध होते, हा चालकांवरील एक आरोपही त्या वेळी मागे पडला. चालक निर्दोष ठरले असे मात्र नव्हे.

मालिकेतील लेगासोव व्हिएन्नातील आपले निवेदन असत्य होते अशी कबुली देतात. इतिहासाने त्यांना असे व्यासपीठ दिले नाही. एप्रिल १९८८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांच्या आठवणी 'प्रावदा'त छापल्या गेल्या त्या त्यानंतर. शासनाच्या असत्याला एका धीट माणसाने उत्तर द्यावे, ही रचना प्रेक्षकास समाधान देते. पण त्या व्यवस्थेत वावरणाऱ्या प्रामाणिक माणसाचे मौनही त्याच व्यवस्थेचा भाग असते, ही अधिक अवघड गोष्ट तीत पुसट होते.

लोकजीवनाच्या चित्रणात मात्र मालिका सरस आहे. स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी संकलित केलेल्या साक्षींचा तिला मोठा आधार मिळाला आहे. अग्निशामकाच्या पत्नीची कथा त्यांपैकीच.

उपमुख्य अभियंता दियात्लोव यांच्या बाबतीत हा तोल सुटतो. उद्दाम, क्रूर खलपुरुष म्हणून त्यांना रंगविताना १९८६ च्या अधिकृत कथेचा अर्धा भाग मालिका नकळत पुढे चालविते. दियात्लोव यांना १० वर्षांची शिक्षा झाली. १९९० मध्ये मुक्तता झाल्यावर भट्टीच्या रचनेवर त्यांनी उघडपणे लेखन केले. न्यायालयात लेगासोव यांच्या तोंडी घातलेल्या युक्तिवादाचा बराचसा भाग त्यात आढळतो.