गुडघ्याला गुडघा

नागपुरात, धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकात तर्रीपोहे खाताय ना? हात पुसा, चपला नीट घाला आणि दक्षिणेकडे निघा. दोनेक किलोमीटर चालायचंय, मध्येच कुठेतरी १९५६ लागेल. डांबर संपून पायाखाली फुफाटा आला की समजा, पोचलात.

ऑक्टोबरची सकाळ. नऊच्या आतच पाठ भाजतेय. समोर व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान. आज तिथे दीक्षाभूमीचा स्तूप आहे. मैदान कसलं, नुसती माणसं! सगळी पांढऱ्यात, सवाष्णीसुद्धा. कोऱ्या लुगड्यांच्या खळीचा वास, घामाचा वास, फडक्यात बांधलेल्या भाकरींचा वास. "सरका नं बाप्पा!" म्हणत एक म्हातारी तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते. बसते आणि चटकन अंग चोरते. सवय जुनी आहे.

मी म्हणजे हा देह, की देहात राहणारा दुसराच कुणी? हा प्रश्न तुम्ही आरामखुर्चीत वाचला असेल. हिच्या बाबतीत गावानं तो केव्हाच निकालात काढला होता. कीर्तनात ऐकायचं, आत्मा सगळ्यांचा एकच. आणि विहिरीवर गेलं की कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत लांब उभं राहायचं. इतका सोयीचा आत्मा मी तरी दुसरा पाहिला नाही. बाबासाहेबांनी धम्म मांडताना तो ठेवलाच नाही.

ते बघा, व्यासपीठावर. पांढरं धोतर, पांढरा कोट, हातात काठी. मधुमेहानं शरीर पार थकलंय. वृद्ध चंद्रमणी महास्थविरांच्या मागोमाग ते आणि पत्नी माईसाहेब पाली शब्द म्हणतात. मग ते गर्दीकडे वळतात. ज्यांना दीक्षा घ्यायची आहे, त्यांनी उभं राहावं.

अख्खं मैदान उठतं. लुगड्यांची सळसळ, सांध्यांची कटकट, धुळीचा लोट थेट नाकात. तुमच्या पायाला मुंग्या आल्यात, पण सांगता कुणाला? म्हातारी न विचारता तुमच्या खांद्यावर रेटा देऊन उभी राहते. या वेळी हात लगेच काढून घेत नाही. हात जोडले तरी कोपर तुमच्या बरगडीतच.

बावीस प्रतिज्ञा सुरू होतात. श्राद्ध घालणार नाही, पिंडदान करणार नाही, हे येतं तेव्हा तिचा आवाज चढतो.

"म्हन्जे जे जेवाचं ते जित्तेपनीच," मागून कुणीतरी पुटपुटतो.

"चूप बस नं बाबू," ती मान न वळवता म्हणते, "पुढची आयकू दे."